हायजॅकर काढला, तरी परत का येतो?

पीक विम्याची गर्दी सुरू झाली की यवतमाळ-वाशिमकडच्या सेवा केंद्रांत, आणि आता घरच्या कॉम्प्युटरवरही, एकच तक्रार ऐकू येते: ‘क्रोम उघडलं की भलतंच काही उघडते.’ सातबारा शोधावा तर समोर जाहिराती. काय केलं विचारलं की ठरलेलं उत्तर, ‘मी तं काहीच नाही केलं भाऊ.’ बहुतेकदा झालेलं एवढंच असतं की अंगठ्याच्या मशीनचा नाहीतर प्रिंटरचा ड्रायव्हर (ते यंत्र चालवणारा प्रोग्रॅम) शोधताना पहिलं दिसलेलं मोठं ‘डाउनलोड’ बटण दाबलेलं असतं. ड्रायव्हर कधी मिळतोही. पण आधीच टिक केलेल्या एखाद्या चौकटीतून ब्राउझर हायजॅकर सोबत येतो.

त्याला तुमचा कॉम्प्युटर बंद पाडायचा नसतो, तो चालू राहण्यातच त्याचा फायदा. तुमचं सर्च आपल्या पत्त्यावरून फिरवायचं आणि जाहिरातींवर कमवायचं, हा धंदा. 2017 मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने ‘फायरबॉल’ नावाचा असाच प्रकार उघडकीस आणला आणि जगात 25 कोटी कॉम्प्युटर बाधित असल्याचा अंदाज दिला. त्यात भारत सगळ्यांत पुढे होता. हा आकडा फुगवलेला आहे असं मायक्रोसॉफ्टचं म्हणणं पडलं. तरी धंदा केवढा मोठा, ते कळतं.

लोक एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम) उडवतात, होमपेज बदलतात, आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला की पाहुणा हजर. वावरातली हरळी वरून खुडावी तसं हे होतं. मुळं ब्राउझरच्या बाहेर असतात. डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या चित्रावर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मधला ‘टार्गेट’ रकाना शेवटपर्यंत वाचा. क्रोमच्या फाइलीचं नाव संपल्यावर पुढे एखाद्या वेबसाइटचा पत्ता चिकटलेला दिसला, तर दर वेळी तीच साइट का उघडते ते समजलं. तेवढा पत्ता खोडायचा. दुसरी जागा ‘टास्क शेड्युलर’. तिथे एखादं काम दर लॉगिनला चालायचं ठरवून ठेवलेलं असतं, आणि तुम्ही काढलेलं ते गुपचूप परत बसवतं.

तिसरी जागा जास्त चिवट. क्रोमच्या मेनूत खाली ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ असं येतं आणि एक्स्टेंशन काढायचं बटणच चालत नाही. घरच्या कॉम्प्युटरला कुठली आली ऑर्गनायझेशन? मोठ्या ऑफिसांसाठी क्रोममध्ये पॉलिसीची, म्हणजे ऑफिसचे नियम ब्राउझरवर लादायची, सोय आहे. हायजॅकर विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंग्ज साठतात त्या जागी) तशीच नोंद करून स्वतःच साहेब होऊन बसतो. काही अँटिव्हायरसमुळेही ही ओळ दिसते, म्हणून रजिस्ट्रीत हाताने खोडाखोड करण्यापेक्षा मालवेअरबाइट्स या कंपनीचं सफाईचं मोफत ‘अ‍ॅडव्हक्लीनर’ चालवणं बरं. ते फक्त त्यांच्याच साइटवरून घ्या, नाहीतर औषधच विष निघायचं.

आधी ‘अ‍ॅप्स’च्या यादीत तारखेप्रमाणे लावून, त्रास सुरू झाला त्या दिवशी आलेले अनोळखी प्रोग्रॅम काढा. मग अ‍ॅडव्हक्लीनर, त्यानंतर विंडोजमधल्याच डिफेंडर अँटिव्हायरसचं ऑफलाइन स्कॅन. हे स्कॅन विंडोज पूर्ण सुरू होण्याआधी चालतं, त्यामुळे लपून चालणारा मालवेअरही सापडू शकतो. भारनियमनाची वेळ मात्र टाळा. शेवटी ब्राउझरच्या सेटिंग्ज रीसेट.

स्क्रीनच्या कोपऱ्यात ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये 5 व्हायरस’ असं सारखं येत असेल, तर बहुधा व्हायरस नसतोच. कुठल्याशा साइटने नोटिफिकेशन पाठवू का विचारल्यावर ‘अलाउ’ म्हटलेलं असतं. साइट सेटिंग्जमधल्या ‘नोटिफिकेशन’मधून तिचं नाव काढलं की संपलं.

दुकानात नेलं की ‘फॉर्मॅट मारून देतो’ हा ठरलेला उपाय. साध्या हायजॅकरसाठी त्याची गरज सहसा नसते. शिवाय सिंक (ब्राउझरची माहिती गूगल खात्यात साठवायची सोय) चालू असेल, तर फॉर्मॅटनंतर त्याच गूगल खात्याने लॉगिन करताच जुनं एक्स्टेंशन खात्यातून खाली उतरतं. म्हणून खात्यातला सिंकचा डेटाही पुसावा लागतो. अशा एक्स्टेंशनला बहुधा सगळ्या साइटवरचं वाचायची परवानगी असते, तेव्हा बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ मोबाइलवरून बदला. खात्यातून पैसे गेले असतील, तर आधी 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन. कॉम्प्युटरची साफसफाई नंतर.