मटाटूतलं स्टिकर आणि सुहूमचे रंबलर

केनियात गावोगावी जायला मटाटू नावाच्या व्हॅन असतात. धंदा आपल्याकडच्या वडापसारखाच: ड्रायव्हरने मालकाला रोज ठरलेली रक्कम द्यायची, वर उरेल ते त्याचं. म्हणजे जितक्या खेपा तितकी कमाई, आणि खेपा वाढवायच्या तर गाडी पळवायलाच हवी. 2004 मध्ये परिवहनमंत्री जॉन मिचुकी यांनी कडक नियम आणले. वेग ताशी 80 किलोमीटरवर अडवणारे स्पीड गव्हर्नर, प्रत्येक आसनाला सीटबेल्ट, ड्रायव्हर-कंडक्टरला गणवेश. काही दिवस फरक पडला, मग पकड सैल झाली.

जॉर्जटाउन विद्यापीठातल्या जेम्स हब्यारिमाना आणि विल्यम जॅक या अर्थशास्त्रज्ञांनी पोलीस बाजूला ठेवून प्रवाशाकडे पाहिलं. गाडी बेफाम सुटली की धडकी सगळ्यांनाच भरते, पण तोंड कोणी उघडत नाही. ड्रायव्हरशी वाईटपणा एकट्याने घ्यायचा आणि फायदा साऱ्या गाडीचा, मग बोलणार कोण? म्हणून त्यांनी 2008 मध्ये मटाटूंच्या आत स्टिकर लावले. मजकूर एवढाच, की ड्रायव्हर बेदरकार चालवत असेल तर गप्प बसू नका, त्याला टोका.

स्टिकर कुणाच्या गाडीत लावायचं, हे नंबरप्लेटचा शेवटचा आकडा सम आहे की विषम यावरून ठरलं. हे ड्रायव्हरांच्या मर्जीवर सोडलं असतं, तर मुळात जपून चालवणारेच पुढे आले असते आणि श्रेय मात्र स्टिकरला गेलं असतं. नव्या औषधाची चाचणी घेताना रुग्णांची विभागणीही अशीच कुणाच्या मर्जीवर न सोडता करतात. स्टिकर कोणी खरवडून काढू नये म्हणून ते जागेवर ठेवणाऱ्या ड्रायव्हरांसाठी दर आठवड्याला लॉटरी होती. मला ही लॉटरीच सगळ्यात हुशारीची वाटते.

अपघात मोजले ते विम्याच्या दाव्यांवरून. स्टिकर असलेल्या गाड्यांचे दावे निम्म्याने ते दोन-तृतीयांशाने घटले. मग सुमारे 12,000 गाड्यांवर मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2015 मध्ये आले, तेव्हा घट 25 ते 33 टक्क्यांवर उतरली होती. लहान प्रयोग मोठा केला की असं बरेचदा होतं. पण एका कागदाच्या पट्टीकडून आणखी किती अपेक्षा करायची?

गंमत म्हणजे या गाड्यांचा वेग सरासरी ताशी फक्त 1 ते 2 किलोमीटरने कमी झाला होता. पण तेवढ्यानेही फरक पडतो. वेग दुप्पट झाला की गाडीची गतिज ऊर्जा चौपट होते, आणि धडकेत ती पत्र्यात आणि हाडामांसात जिरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने सरासरी वेग 1 टक्क्याने वाढला, तर जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे 4 टक्क्यांनी वाढतो.

स्टिकरचा उपयोग मात्र गाडीत बसलेल्यालाच. रस्त्याच्या कडेने पायी निघालेल्याचं काय? याच संघटनेच्या अंदाजानुसार 2021 मध्ये तिच्या आफ्रिका विभागात रस्त्यांवर सव्वादोन लाखांच्या आसपास माणसं गेली. 2010 पासून जगाचा आकडा 5 टक्क्यांनी घटला, या विभागाचा 17 टक्क्यांनी वाढला. मेलेल्यांत पादचारी आणि दुचाकीवाले फार. (तिथल्या मोटारसायकल-टॅक्सींमध्ये आपल्या पुण्याच्या बजाजची ‘बॉक्सर’ जागोजागी दिसते.)

पायी चालणाऱ्यांसाठी रस्त्याचीच घडण बदलावी लागते. घानामध्ये आक्रा-कुमासी महामार्गावर सुहूम जंक्शन हे अपघातांसाठी बदनाम ठिकाण. 2000 साली तिथे रंबलर टाकले, म्हणजे चाकांखाली खडखडणाऱ्या आडव्या पट्ट्या. अपघात सुमारे 35 टक्क्यांनी आणि मृत्यू सुमारे 55 टक्क्यांनी कमी झाले. रंबलरला ना हप्ता देता येतो, ना तो रात्री घरी जातो.

टांझानियात दार-ए-सलाममध्ये ‘अमेंड’ या संस्थेने शाळांभोवती अशीच साधी कामं केली. गतिरोधक, पदपथ, गाड्यांना अडवणारे खांब. कुठे शाळेचं फाटकच वर्दळीच्या रस्त्यावरून हलवून शांत बाजूला नेलं. इथेही काम झालेल्या आणि न झालेल्या शाळांची तुलना केली. काम झालेल्या शाळांमध्ये मुलं जखमी होण्याचं प्रमाण सुमारे 26 टक्क्यांनी घटलं. सिमेंट, रंग आणि लोखंडी खांब एवढंच सामान होतं. नवा रस्ता बांधतानाच हे कंत्राटात घातलं, तर ते आणखी स्वस्तात पडेल.