महागडं घड्याळ: यादीत नाव लावण्यापासून दप्तरातल्या उताऱ्यापर्यंतची कागदपत्रं

दुकानात जावं, पैसे मोजावेत आणि मनगटावर बांधून बाहेर पडावं, हे साध्या घड्याळाच्या बाबतीत जमतं. रोलेक्स, पाटेक फिलिप, ऑडेमार पिगे यांच्या मागणी असलेल्या मॉडेलांचं तसं नाही. तिथे खिशात पैसे असले म्हणजे आपण पात्र झालो असं नसतं. आणि घड्याळ हातात आल्यावरही काम संपत नाही. हमीची नोंदणी असते, सर्व्हिसिंगचे कागद असतात, जुनं घड्याळ असेल तर कंपनीच्या दप्तरातून उतारा काढायचा असतो. हे अर्ज मी स्वतःसाठी आणि मित्रमंडळींसाठी इतक्यांदा भरलेत की एक गोष्ट पक्की कळली आहे: अर्ज कोणताही असो, शेवटी तपासलं जातं ते एवढंच, की धातूवर कोरलेला क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक एकच आहे का.

यादी, आणि तिथली न लिहिलेली पात्रता

‘वेटिंग लिस्ट’ हा शब्दच फसवा आहे. यादी म्हटली की पुढचा माणूस सरकल्यावर आपला नंबर लागणार असं वाटतं. इथे तसा क्रम नसतो. आपण फक्त इच्छा नोंदवतो, आणि घड्याळ आलं की ते कोणाला द्यायचं हे विक्रेता ठरवतो. रोलेक्स आपली घड्याळं अधिकृत विक्रेत्यांमार्फतच विकते, त्यामुळे यादी विक्रेत्याची असते, कंपनीची नाही. एका दुकानात नाव लावलं म्हणून दुसऱ्या दुकानात ते दिसत नाही.

नोंदणीला लागतं ते किरकोळ: नाव, ओळखपत्र, फोन, ईमेल आणि मॉडेलचा रेफरन्स क्रमांक (एका मॉडेलच्या सगळ्या घड्याळांचा तो एकच असतो; सिरियल क्रमांक मात्र प्रत्येक घड्याळाचा वेगळा). ‘काळ्या तबकडीचं डेटोना’ (रोलेक्सचं एक मॉडेल) असं मोघम सांगू नका, पूर्ण रेफरन्स द्या, आणि दुसरी पसंती असेल तर तीही लिहून घ्यायला सांगा. आगाऊ रक्कम मागितली तर ती कशाबद्दल आहे आणि परत कधी मिळेल हे पावतीवर लिहून घ्या.

पात्रतेचे निकष कुठे छापलेले नसतात, पण असतात. विक्रेत्याला जाणून घ्यायचं असतं की हा माणूस घड्याळ वापरणार आहे की पुढच्याच आठवड्यात चढ्या भावाने विकणार आहे. जुनी खरेदी, नियमित ये-जा, घड्याळांविषयीचं बोलणं, सगळं त्याच्या मनात नोंदलं जातं. काही ठिकाणी ‘आधी दुसरं काहीतरी घ्या’ असं सूचकपणे सुचवलं जातं. माझं मत स्पष्ट आहे: हव्या असलेल्या घड्याळासाठी नको असलेलं घड्याळ घेऊ नये. त्या हिशेबात नको असलेलंच जास्त महागात पडतं.

खरा अर्ज म्हणावा असा प्रकार पाटेक फिलिपकडे आहे. तिथली अतिशय गुंतागुंतीची आणि मोजकीच बनणारी काही घड्याळं अर्जाशिवाय मिळत नाहीत. अर्ज विक्रेत्यामार्फत जातो. त्यात तुमच्याकडे आज कोणती घड्याळं आहेत, ती कुठून घेतली, हेच घड्याळ का हवं, अशी माहिती द्यावी लागते. निर्णय कंपनीच्या जिनिव्हातल्या मुख्यालयात होतो, आणि नकाराचं कारण मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. इथे भपकेबाज पत्रापेक्षा संग्रहाची सरळ यादी कामाला येते: रेफरन्स, खरेदीचं वर्ष, कोणाकडून घेतलं. एखादं विकून टाकलं असेल तर तेही लिहावं. लपवलेली विक्री नंतर उघडी पडली तर दार कायमचं बंद होऊ शकतं.

काउंटरवरची पाच मिनिटं

घड्याळ मिळण्याच्या दिवशी माणूस हरखलेला असतो, आणि चुका तिथेच होतात. माझ्या एका घड्याळाच्या हमीकार्डावर सिरियल क्रमांकातला एक आकडा चुकीचा पडला होता. मला ते कळलं चार वर्षांनी, सर्व्हिसिंगला दिल्यावर. ‘हे कार्ड या घड्याळाचं नाही’ असं मला अत्यंत नम्रपणे सांगण्यात आलं. मूळ पावतीवर बरोबर क्रमांक होता म्हणून सुटलो, पण पत्रव्यवहारात दोन महिने गेले.

म्हणून दुकानातून पाय बाहेर टाकण्याआधी क्रमांक एकेक आकडा करून जुळवा. तो कुठे असतो हे ब्रँडवर अवलंबून आहे. बहुतेकांचा मागच्या झाकणावर असतो. रोलेक्सच्या जुन्या घड्याळांत तो सहाच्या बाजूला, पट्ट्याच्या आड, केसवर (घड्याळाच्या धातूच्या कवचावर) कोरलेला असे. नव्या घड्याळांत तो काचेच्या आतल्या कडेवर दिसतो. पावतीवर रेफरन्स आणि सिरियल दोन्ही हवेत. ‘एक मनगटी घड्याळ’ एवढंच लिहिलेली पावती विम्याला उपयोगी नाही आणि पोलिसांनाही नाही. कार्डावर खरेदीची तारीख आणि विक्रेत्याची नोंद पाहिजेच. तारीख कोरी असलेलं कार्ड कोणी ‘सोयीसाठी’ देत असेल तर घेऊ नका, कारण हमी त्या तारखेपासून मोजली जाते.

हमी: कुठे आपोआप, कुठे अर्ज करून

रोलेक्सने जुलै 2015 पासून विकलेल्या घड्याळांना पाच वर्षांची हमी दिली आहे. त्यासाठी वेगळी नोंदणी लागत नाही, विक्रेत्याने नीट भरलेलं कार्ड पुरतं. ओमेगाचीही हमी आता पाच वर्षांची आहे. कार्टिए, जेजे-लकुल्त्र आणि आयडब्ल्यूसी यांची पद्धत निराळी आहे. मूळ हमी दोन वर्षांची, आणि कंपनीच्या संकेतस्थळावर घड्याळ नोंदवलं तर एकूण आठ वर्षांपर्यंत वाढते. नोंदणीला सिरियल क्रमांक, खरेदीची तारीख आणि खातं उघडायला ईमेल लागतो. दहा मिनिटांचं काम आहे, पण मूळ दोन वर्षं संपायच्या आत करा. पेटीतली पुस्तिका न उघडल्यामुळे ही सहा वर्षं घालवलेले लोक मला माहीत आहेत.

हमीत पट्ट्याची झीज, फुटलेली काच, हरवणं, चोरी हे काही बसत नाही. कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडून घड्याळ उघडून घेतलं तर हमीवर पाणी सोडावं लागतं.

एक कागद मात्र जिवापाड जपा. पाटेक फिलिप घड्याळासोबत जे ‘सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन’ देते ते एकदाच मिळतं. हरवलं तर दुय्यम प्रत नाही. रोलेक्सच्या हमीकार्डाचंही तेच. पेटी मागाहून कुठूनतरी मिळवता येते, हे कागद नाही.

दप्तरातला उतारा: कोणाला मिळतो, कसा मिळतो

वारशाने आलेल्या किंवा कागद हरवलेल्या जुन्या घड्याळासाठी ‘आर्काइव्ह एक्स्ट्रॅक्ट’ हा मार्ग आहे. घड्याळ कारखान्यातून कधी बाहेर पडलं याची कंपनीच्या नोंदवहीत असलेली माहिती त्या उताऱ्यात मिळते. पाटेक फिलिप, व्हाशेरॉन कॉन्स्टंटिन, लाँजीन, ब्रेगे या घराण्यांनी जुनी दप्तरं सांभाळली आहेत. रोलेक्स असा उतारा देत नाही, कितीही विनवण्या केल्या तरी.

पात्रता सोपी आहे: दप्तरात त्या काळाच्या नोंदी असायला हव्यात आणि तुम्हाला क्रमांक देता यायला हवेत. कठीण आहे ते क्रमांक मिळवणं. पाटेक फिलिपला केसचा आणि यंत्राचा असे दोन क्रमांक लागतात, आणि यंत्राचा क्रमांक आत असतो. झाकण घरी उघडू नका. चाकूच्या टोकाने उघडलेल्या झाकणावरचे ओरखडे मी पाहिले आहेत, ते जन्मभर जात नाहीत. चांगल्या घड्याळजीकडे जा आणि त्याला यंत्राचा फोटो तिरप्या उजेडात काढायला सांगा. समोरून दिवा मारला की कोरलेले आकडे चमकीत बुडतात.

याची अद्दल मला एका मित्राच्या आजोबांच्या लाँजीनने घडवली. घड्याळजीने भिंग लावून क्रमांक वाचला, मी लिहून घेतला, अर्ज पाठवला. उत्तर आलं की हा क्रमांक एका खिशातल्या घड्याळाचा आहे. मित्राचा चेहरा पडला. आजोबांनी नकली घड्याळ घेतलं होतं की काय? पुन्हा झाकण उघडलं आणि दिवा बाजूला धरला. ज्याला आम्ही तीन समजत होतो त्याच्या डाव्या कडेला तेलाचा वाळलेला थर होता. तो आठ होता. दुसऱ्या अर्जाला आलेल्या उत्तरात बीजकाची तारीख होती आणि ते कोणत्या देशातल्या एजंटकडे रवाना झालं तेही. तेव्हापासून मी आकडे टाइप करतोच, शिवाय फोटोही जोडतो.

अर्जाबरोबर साधारणपणे तबकडी, केस, झाकणाची आतली बाजू आणि यंत्र यांचे स्पष्ट फोटो, दोन्ही क्रमांक, आणि शुल्क असेल तिथे ते भरल्याची नोंद लागते. उत्तराला काही आठवडे धरून चाला. नोंदवह्या शोधणारी माणसं थोडी असतात.

उताऱ्यात काय नसतं हेही माहीत असावं. पाटेक फिलिपच्या उताऱ्यात निर्मितीची आणि त्यानंतरच्या विक्रीची तारीख असते, केसचा धातू असतो, यंत्राचा प्रकार असतो. पहिल्या ग्राहकाचं नाव कंपनी सांगत नाही, मग तो तुमचा सख्खा पणजोबा का असेना. आणि उतारा म्हणजे अस्सलपणाचा दाखला नव्हे. अशा क्रमांकाचं घड्याळ बनलं होतं एवढंच तो सांगतो, आज समोर असलेल्या घड्याळातला प्रत्येक भाग तेव्हाचाच आहे असं नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये जिनिव्हातल्या लिलावात ओमेगाचं एक जुनं स्पीडमास्टर विक्रमी बोलीला गेलं. ते ओमेगाच्या संग्रहालयासाठीच घेतलं गेलं होतं. 2023 मध्ये कंपनीनेच सांगितलं की ते वेगवेगळ्या घड्याळांचे, बहुतांशी अस्सल, भाग जुळवून तयार केलेलं होतं. कंपनीचं संग्रहालय फसतं, तर केवळ उताऱ्याच्या भरवशावर आपण किती निर्धास्त राहायचं?

‘क्रोनोमीटरचं, म्हणजे अचूकतेच्या चाचणीत उतरल्याचं, प्रमाणपत्र मला काढून मिळेल का?’ हा प्रश्न वरचेवर येतो. नाही. 1973 मध्ये स्थापन झालेली सीओएससी ही स्विस संस्था उत्पादकांनी पाठवलेली यंत्रं तपासते, पाच स्थितींत आणि तीन तापमानांत. यांत्रिक यंत्राची सरासरी दैनिक चूक चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे यांच्या आत असावी लागते. मालकाने वैयक्तिक अर्ज करायची तिथे सोय नाही.

सर्व्हिसिंगचा फॉर्म

या फॉर्मवर सही करताना फार कमी लोक वाचतात. त्यात पॉलिश करायचं की नाही हे विचारलेलं असतं. जुन्या घड्याळाला ‘नको’ असं स्वच्छ लिहा, कारण केसच्या धारदार कडा एकदा घासल्या की परत येत नाहीत. तबकडी आणि काटे बदलू नयेत, बदलायचेच झाले तर आधी विचारावं आणि जुने परत द्यावेत, हेही लिहा. काही कंपन्या काढलेले भाग परत देत नाहीत. ते काम दिल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

दुसऱ्या हाताचं घेताना

विकणाऱ्याचं ओळखपत्र, क्रमांकांसह विक्रीची पावती, आधीच्या सर्व्हिसिंगचे कागद, आणि बँकेतून गेलेले पैसे. रोख व्यवहारात सूट मिळते म्हणून मोहात पडणारे नंतर मालकी सिद्ध करताना घायकुतीला येतात. पैसे देण्याआधी क्रमांक चोरीच्या यादीत नाही ना ते पाहा. लंडनमधलं द वॉच रजिस्टर आणि कार्टिएची मालकी असलेल्या रिशमाँ समूहाने 2023 मध्ये सुरू केलेलं एन्क्विरस ही त्यासाठीच आहेत. आपलं घड्याळ गेलं तर पोलीस तक्रारीची प्रत, क्रमांक आणि फोटो घेऊन याच ठिकाणी नोंद करायची.

जोखीम नको असेल तर रोलेक्सने डिसेंबर 2022 मध्ये सुरू केलेली योजना आहे. तिच्यात अधिकृत विक्रेते तपासलेली वापरलेली घड्याळं दोन वर्षांच्या हमीसह विकतात. भाव अर्थातच बाहेरच्यापेक्षा चढा असतो.

सीमा ओलांडताना लोक सोन्याची काळजी करतात आणि पट्टा विसरतात. मगरीच्या कातड्याचा पट्टा साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतो. स्वतःच्या वापरातल्या अशा चार वस्तूंपर्यंत करारात सवलत आहे, पण प्रत्येक देश ती पाळतोच असं नाही. घड्याळ टपालाने पाठवायचं असेल तर पट्टा काढून पाठवावा. सर्व्हिसिंगसाठी परदेशी पाठवतानाही मी तेच करतो.

राहिली वारसांची गोष्ट. मृत्युपत्रात ‘माझी घड्याळं’ असं न लिहिता प्रत्येकाचा ब्रँड, रेफरन्स आणि सिरियल क्रमांक लिहा. कार्ड, पावत्या आणि उतारे घड्याळाच्या पेटीत ठेवू नका, चोर पेटीसकट नेतो आणि मग त्याच्याकडे ‘फुल सेट’, म्हणजे घड्याळ, पेटी आणि सगळे कागद, असतो. माझ्याकडे एक साधी वही आहे. प्रत्येक घड्याळाला एक पान, त्यावर क्रमांक, यंत्राचा चिकटवलेला फोटो आणि सर्व्हिसिंगच्या तारखा. ती बँकेच्या लॉकरमध्ये असते, आणि ती तिथे आहे हे घरात दोघांना माहीत आहे.