लो ब्लू लाइट म्हणजे फ्लिकर-फ्री नव्हे

"हाऊ मॉनिटर डोळासले चांगला शे, भाऊ," असं दुकानदार म्हणाला की मी विचारतो, म्हणजे नेमकं काय? उत्तर ठरलेलं असतं. तो खालचं बटण दाबतो, स्क्रीन हळदीच्या दुधासारखी पिवळी होते आणि तो माझ्याकडे बघून हसतो. झालं! खोक्यावर मात्र दोन वेगळे शिक्के शेजारी शेजारी छापलेले असतात, 'लो ब्लू लाइट' (कमी निळा प्रकाश) आणि 'फ्लिकर-फ्री' (न लुकलुकणारा). विकणारा आणि घेणारा, दोघंही ती एकाच गुणाची दोन नावं असल्यासारखी वाचतात. मी भुसावळात डीटीपीचं काम करतो. लग्नसराईत दिवसाचे बारा तास पत्रिकांसमोर जातात आणि हा घोळ ऐकून ऐकून आता कान किटले आहेत.

निळ्या प्रकाशानं डोळे दुखतात, झोप उडते, असं तुम्ही ऐकलं असेलच, म्हणून थोडक्यात. मॉनिटरच्या मागचा पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्यावर पिवळसर लेप देऊन पांढरा उजेड काढतात. (त्या निळ्या एलईडीसाठी २०१४ साली तिघा शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं.) 'लो ब्लू लाइट' म्हणजे त्यातला निळा भाग कमी करणं. बहुतेक स्वस्त मॉनिटरांत हे नुसतं रंगांचं सेटिंग असतं. तेच काम विंडोजमधलं 'नाइट लाइट' २०१७ पासून फुकटात करतंय, मग त्यासाठी जादा पैसे का मोजायचे? रात्री उशिरापर्यंत बसणाऱ्यांना झोपेच्या दृष्टीनं त्याचा थोडा उपयोग असेलही. पण डोळे दुखण्याशी त्याचा संबंध फार लंगडा आहे. निळा प्रकाश गाळणाऱ्या चष्म्यांवरच्या १७ चाचण्या कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेनं २०२३ मध्ये एकत्र तपासल्या, तेव्हा डोळ्यांचा ताण कमी होत असल्याचं काही हाती लागलं नाही. अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांची संघटनाही हेच सांगते.

त्या पिवळ्या मोडनं माझा एकदा चांगलाच पोपट केलाय. मोड चालू आहे हे विसरून मी एक पत्रिका लावली. पार्श्वभूमी छान सायीच्या रंगाची दिसत होती. छापून आली ती पांढरीफटक. सायीचा रंग स्क्रीनचा होता, पत्रिकेचा नव्हताच.

आता दुसरा शिक्का. खरी गोम इथेच आहे.

'फ्लिकर-फ्री'चा रंगाशी काडीचा संबंध नाही. प्रश्न एवढाच आहे की तुम्ही ब्राइटनेस कमी करता तेव्हा मॉनिटर तो कमी करतो कसा? केळीच्या बागेत ठिबकचं पाणी कमी करायचंय असं समजा. एक तर व्हॉल्व्ह अर्धा फिरवाल. नाहीतर व्हॉल्व्ह पूर्ण सोडाल, लगेच पूर्ण बंद कराल, पुन्हा सोडाल, आणि हे करतच राहाल. दिवसाअखेर झाडाला पाणी तेवढंच मिळेल. मॉनिटरमध्येही हेच दोन प्रकार आहेत. चांगल्यात एलईडीला जाणारा करंटच कमी होतो, म्हणून उजेड मंद पण सलग राहतो. दुसऱ्या प्रकारात एलईडी भराभर उघडझाप करतो आणि बंद राहण्याचा वेळ वाढवून उजेड कमी 'भासवला' जातो. याला पीडब्ल्यूएम म्हणतात.

सेकंदाला २४० वेळा उघडझाप करणारा मॉनिटर घ्या. एक फेरी साधारण ४.२ मिलिसेकंदांची. उजेड एक पंचमांशावर आणला, तर त्यात दिवा जेमतेम ०.८ मिलिसेकंद पेटतो आणि उरलेले ३.३ मिलिसेकंद चक्क अंधार असतो. सरळ बघताना हे दिसत नाही. पण वाचताना नजर एका जागी थांबत नाही, शब्दावरून शब्दावर उड्या मारते, आणि तेव्हा डोळ्याच्या पडद्यावर तुकड्या-तुकड्यांची रांग उमटते. सगळ्यांना त्रास होतो असं नाही. आमच्या मिसेस माझ्या अशाच जुन्या मॉनिटरवर तासन् तास हिशेब करायच्या, त्यांना काही नाही. माझं मात्र तासाभरात कपाळ ठणकायला लागायचं.

यातली सगळ्यात चिडवणारी बाब अशी, की ब्राइटनेस १०० वर असताना असा मॉनिटरही साधारणपणे लुकलुकत नाही. दिवा पूर्ण वेळ पेटलेलाच असतो. कमी करत जाल तसा त्रास वाढतो. आणि डोळे दुखतात म्हटलं की जो तो पहिला सल्ला काय देतो? "ब्राइटनेस कमी कर!" आपल्या खान्देशात तर याला उन्हाळ्याची जोड आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेला की आपण खिडक्या लावून, पडदे ओढून, कूलर सोडून बसतो. अंधाऱ्या खोलीत पूर्ण उजेडाची स्क्रीन डोळ्यांवर येते, म्हणून ब्राइटनेस २० वर आणतो. म्हणजे लुकलुक जिथे सगळ्यात वाईट, नेमके तिथे जाऊन बसतो. मग डोकं दुखलं की निळ्या प्रकाशाला शिव्या घालून पिवळा मोड लावतो. त्या मोडनं रंग बदलतात. मागचा एलईडी आपला उघडझाप करतच असतो. पिवळी स्क्रीन लुकलुकू शकते आणि पांढरीशुभ्र स्क्रीन स्थिर असू शकते.

तपासायला खर्च नाही. दुकानात मॉनिटरवर वर्डचं कोरं पान पूर्ण स्क्रीनभर उघडा. ब्राइटनेस मेनूतून तळाला न्या. ही पायरी गाळू नका, कारण दुकानात सगळे मॉनिटर १०० वर ठेवलेले असतात आणि १०० वर सगळेच साधू असतात. काही मॉनिटर वरच्या भागात सलग चालतात आणि खाली आल्यावरच उघडझाप सुरू करतात, तेही असंच पकडलं जातं. मग खिशातलं पेन स्क्रीनसमोर धरून पंख्यासारखं जोरात हलवा. पेनाची एकसंध धुरकट झालर दिसली तर मॉनिटर चांगला. चार-सहा सुटी सुटी पेनं दिसली, तर तो लुकलुकतोय. मोबाइलच्या कॅमेऱ्यात प्रो मोड असेल तर शटर १/१००० वर ठेवून बघा. मॉनिटर लुकलुकत असेल तर स्क्रीनवर काळे पट्टे सरकताना दिसतील. एक खबरदारी मात्र घ्या. जुन्या चोकची ट्यूबलाइट आपल्या ५० हर्ट्झच्या (सेकंदाला ५० फेऱ्यांच्या) विजेवर स्वतःच सेकंदाला १०० वेळा मिणमिणते, तेव्हा जवळची ट्यूब बंद करायला सांगा, नाहीतर तिचं पाप मॉनिटरच्या माथी लागेल.

घरातला मॉनिटर नापास झाला तर लगेच भंगारात काढू नका. ब्राइटनेस १०० वर ठेवून कॉन्ट्रास्ट खाली आणा. काळा रंग थोडा राखाडी दिसेल, पण उजेड सलग राहील. मी तीन वर्षं असंच ढकललं.

हर्ट्झचा घोळ हा या घोळाचा धाकटा भाऊ. "हा १०० हर्ट्झचा आहे, म्हणजे लुकलुकणार नाही," हे वाक्य जुन्या डबा मॉनिटरच्या काळात खरं होतं. तिथे चित्र दर फेरीला पुन्हा उजळायचं, म्हणून ६० वर फडफड जाणवायची आणि ८५ वर बरं वाटायचं. एलसीडीत ते हर्ट्झ म्हणजे चित्र किती वेळा बदलू शकतं, एवढंच. उघडझापीचे हर्ट्झ मागच्या दिव्याचे. टॅली आणि टायपिंगला ६० पुरेत.

बाकीचं पटकन. लहान मॉनिटर हवा असेल तर साडेएकवीस इंची, फुल एचडी. माझं मत पक्कं आहे. साडेअठरा इंची १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचा (पिक्सेलचा) दोन-चार हजार वाचवतो, पण त्यावर देवनागरी वाचवत नाही: रफार, मात्रा आणि अनुस्वार एकमेकांत मिसळून मुंगळ्यांचा गोळा होतो. सत्तावीस इंचीत तेच फुल एचडी ताणलेलं असतं, तेही नको. पॅनल आयपीएस (बाजूनं बघितलं तरी रंग फारसे न बदलणारं), पृष्ठभाग चकाकी नसलेला. केबल एचडीएमआयची लावा. नवा मॉनिटर आणून जुन्या व्हीजीएवर चालवणाऱ्यांपुढे मी हात टेकलेत. आणि कूलरचा झोत थेट तोंडावर घेऊन बसत असाल, तर डोळे कोरडे पडल्याचा दोष मॉनिटरला देऊ नका. स्क्रीनकडे बघताना पापण्या मिटणं तसंही निम्म्यावर येतं.

गेल्या वर्षी नवा घ्यायला जळगावच्या गोलाणी मार्केटात गेलो. ब्राइटनेस तळाला नेऊन स्क्रीनसमोर पेन हलवायला लागलो, तर काउंटरवरचा पोरगा धावत आला. "काका, पेन चालत नाही का? हे घ्या माझं." पहिल्या दोन मॉनिटरांवर सुटी पेनं दिसली. दोघांच्याही खोक्यावर 'डोळ्यांना सुखद' असं ठळक छापलेलं होतं आणि खाली बारीक अक्षरांत फक्त लो ब्लू लाइट. तिसऱ्यावर झालर उमटली. मी तो बांधायला सांगितला, तेव्हा तो पोरगा स्वतःचं पेन घेऊन चौथ्या मॉनिटरसमोर उभा होता.