उदयनगरची बस आणि ‘पाचारण’ हा शब्द

४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरच्या सेंट पॉल शाळेत मोठा सोहळा झाला. केरळहून येऊन देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला काम केलेल्या सिस्टर राणी मरिया यांना कॅथलिक चर्चने ‘धन्य’ घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी. त्या सुमारास आमच्या रामबागेतल्या एका आजींनी मला विचारलं होतं, “का रे, ती केरळची मुलगी इतक्या लांब उदयनगरला आलीच कशाला?” उत्तर द्यायचं तर एका शब्दापासून सुरुवात करावी लागते.

पाचारण. वर्तमानपत्रात हा शब्द भेटतो तो अग्निशमन दलाच्या बातमीत: कुठंतरी आग लागते, मग कुणालातरी पाचारण करतात. मराठी ख्रिस्ती माणूस तोच शब्द देवाच्या बोलावण्यासाठी वापरतो. फरक एवढाच की अग्निशमन दलाला त्याच्या कामासाठी बोलावतात. इथं देव आधी प्रेम करतो, लायकी न पाहता, आणि काम त्यानंतर येतं. काम करून ते प्रेम मिळवायचं नसतं. ते आधीच मिळालंय, आता काय करू, असा हा प्रश्न आहे. इंदूरच्या भंवरकुव्याच्या क्लासेसमध्ये ‘पुढे काय ठरलं?’ म्हणून विचारतात, त्याहून जरा वेगळा.

युरोपात कित्येक शतकं पाचारण म्हणजे मठात जाणं, पाद्री होणं, एवढंच धरलं जाई. सोळाव्या शतकात जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने तोच शब्द चांभाराच्या आणि आईच्या रोजच्या कामालाही लावला. सगळ्यांनाच पावित्र्याचं पाचारण आहे, हे कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेत, १९६४ मध्ये, ठळकपणे मांडलं. वारकऱ्याला यात फारसं नवल वाटू नये. सावतोबांनी मळा सोडला नाही, गोरोबांनी चाक सोडलं नाही, आणि जनाबाईच्या जात्याशी तर विठ्ठलच दळायला बसला. त्यासाठी जनीला आधी काही सिद्ध करावं लागलं नव्हतं.

पण मराठीत या विषयाचं सगळ्यात बोलकं उदाहरण पंडिता रमाबाईंचं आहे. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तिथल्या वाँटेज गावच्या सिस्टर्सनी, म्हणजे अँग्लिकन जोगिणींनी, त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातलं आपलं काम दाखवलं. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांना तिथं मायेने सांभाळत होते. आपल्याकडे अशा बाईच्या सावलीलाही कुणी उभं राहत नाही, आणि इथं तिची सेवा? असं का, हे त्यांनी विचारलं. तेव्हा एका सिस्टरने त्यांना बायबलमधली विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली: लोक जिला कमी लेखत, तिच्याशी येशू स्वतःहून बोलला. त्याच वर्षी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. गंमत म्हणजे, पुढं आपल्या साक्षीत त्यांनीच कबूल केलं की तेव्हा त्यांना धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायला आणखी काही वर्षं लागली. मला हा कबुलीजबाब बाप्तिस्म्याहून मोठा वाटतो. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-विधवांना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातून वाढलं. स्वतःचे आईवडील त्यांनी दुष्काळातच गमावले होते. फुलहॅममध्ये पाहिलेल्या कामासारखं केडगावातही एक घर उभं राहिलं, ‘कृपासदन’. त्याच्या नावातच सगळं आलं.

आता आजींचा प्रश्न. राणी मरियांचा जन्म १९५४ चा, एर्नाकुलम जिल्ह्यातल्या पुल्लुवळीचा. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघात त्या सिस्टर झाल्या, बिजनोर आणि सतनाकडे काम करून १९९२ मध्ये देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला आल्या. तिथले आदिवासी शेतकरी सावकाराच्या व्याजात रुतले होते. त्यांना एकत्र करणं, बँकेचं कर्ज आणि सरकारी योजना त्यांच्यापर्यंत पोचवणं, हे त्यांचं काम. सावकारांना ते खुपणारच होतं. २५ फेब्रुवारी १९९५ ला त्या उदयनगरहून इंदूरच्या बसने निघाल्या. वाटेत बसमध्येच एका तरुणाने चाकू काढला. चाळीसहून अधिक वार झाले. वय ४१.

तो तरुण सुपारी घेऊन आला होता. त्याला जन्मठेप झाली. २००२ च्या रक्षाबंधनाला राणी मरियांची धाकटी बहीण, तीही सिस्टरच, तुरुंगात गेली आणि तिने त्याच्या हाताला राखी बांधली. मग राणी मरियांच्या घरच्यांनीच त्याच्या सुटकेसाठी अर्ज केले आणि २००६ मध्ये तो सुटला. पुढे तो केरळात त्यांच्या घरी गेला, तेव्हा आईने त्याच्या हातांचं चुंबन घेतलं.

मी हे आजींना सांगितलं. चुंबनापर्यंत त्या पोचल्याच नाहीत, राखीपाशीच थांबल्या. “जेलमध्ये जाऊन? त्यालाच?” असं त्यांनी दोनदा विचारलं.