बाळांच्या कक्षातली आपत्ती : किल्लारी ते झाशी

सोलापुरात रुग्णालय आणि आपत्ती असा विषय निघाला की जुनी माणसं थेट किल्लारीवर येतात. गणेश विसर्जन आटोपून लोक झोपले होते आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंपानं लातूर-उस्मानाबादेतली गावंच्या गावं कोसळली. सुमारे दहा हजार माणसं गेली. जखमींना घेऊन गाड्या सोलापूरकडेही धावल्या, सिव्हिलमध्ये डॉक्टर आणि सिस्टरांनी ते सगळं अंगावर घेतलं. माझ्या मते आपल्याकडची सज्जतेची कल्पना तिथेच पक्की झाली : आपत्ती बाहेर कोसळते, जखमी दारात येतात, आपण खाटा मोकळ्या करून तयार राहायचं.

नवजात शिशूंच्या कक्षाला ही कल्पना पुरत नाही. तिथे संकट आतच उभं राहतं. ऊब टिकावी म्हणून खोली बंद, भिंतीतून ऑक्सिजन, प्रत्येक बाळाजवळ वॉर्मर, पंप, मॉनिटर. बाळ चालू शकत नाही, हाक मारू शकत नाही आणि त्याची आई बहुतेक वेळा दुसऱ्या वॉर्डात असते.

हे कक्ष आले ते चांगल्यासाठीच. २००३ मध्ये पश्चिम बंगालातल्या पुरुलियात जिल्हा पातळीवरचा असा कक्ष सुरू झाला आणि पुढे आरोग्य अभियानातून तो जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचला. कमी वजनाची, अपुऱ्या दिवसांची बाळं त्यामुळे जगू लागली. मात्र यंत्रं वाढली, विजेचा भार वाढला, त्या मानानं सिस्टर वाढल्या नाहीत.

मग भंडारा घडलं. ९ जानेवारी २०२१, मध्यरात्र उलटल्यावर जिल्हा रुग्णालयाच्या कक्षात आग लागली. आत १७ बाळं होती. शेजारच्या खोलीतली ७ वाचली, १० गेली. त्यातली बहुतेक भाजून नव्हे, धुरानं गुदमरून. महाराष्ट्रात आग प्रतिबंधाचा कायदा २००६ चा आहे, तरी राज्यभर रुग्णालयांच्या फायर ऑडिटचा आदेश निघाला तो या घटनेनंतर. दोन परिचारिकांवर गुन्हाही दाखल झाला. हे मला आजही खटकतं. रात्रपाळीला असलेल्या बाईला जबाबदार धरण्याआधी विचारायला हवं होतं : धुरात बाळं बाहेर कशी काढायची, हे तिला कुणी कधी हातानं करून दाखवलं होतं का? त्याच वर्षी नोव्हेंबरात नगरच्या जिल्हा रुग्णालयात आणि भोपाळच्या बाल रुग्णालयात आगी लागल्या. २०२४ च्या मे महिन्यात दिल्ली, नोव्हेंबरात झाशी. झाशीतही आगीच्या रात्रीच १० बाळं गेली.

सराव असला की काय होतं, हे न्यूयॉर्कनं दाखवलं. २९ ऑक्टोबर २०१२ च्या रात्री सँडी वादळात एनवाययू लँगोन रुग्णालयाची वीज गेली, राखीव व्यवस्थाही बंद पडली. नवव्या मजल्यावरची २० नवजात बाळं परिचारिकांनी छातीशी धरून अंधाऱ्या जिन्यानं खाली आणली. ज्यांना श्वास घेता येत नव्हता त्यांची अंबू बॅग, म्हणजे श्वास देणारी पिशवी, पायरीपायरीवर हातानं दाबत. सगळी वाचली.

यातली कौशल्यं अवघड नाहीत. ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह कुठे आहे आणि तो कुणी बंद करायचा, कोणतं बाळ आधी उचलायचं, बाळ बाहेर थंड पडू नये म्हणून त्याला अंगाशी कसं बांधायचं, पायातली ओळखपट्टी का सुटू द्यायची नाही. पण ती अंगवळणी पडायला त्याच कक्षात, त्याच दारातून सराव हवा.

सोलापुरात तर हे जास्तच लागू आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४४ च्या आसपास जातो, एसी आणि यंत्रं अखंड चालतात. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला तेव्हा महामार्गावरची वाहतूक थांबली, म्हणजे तालुक्यातून बाळ शहरात आणायची वाटही खात्रीची नाही. मॉक ड्रिल दुपारी साहेबांसमोर, व्हरांड्यात आग विझवायचा सिलिंडर फवारून होऊ नये. ते रात्रपाळीत व्हावं, बाळांच्या वजनाच्या बाहुल्या घेऊन, त्या रात्री ड्यूटीवर असतील तेवढ्याच सिस्टरांच्या बळावर. तेवढ्या हातांनी सगळी बाळं बाहेर येत नसतील, तर त्या पाळीला आणखी एक सिस्टर द्यावी लागेल.