कंट्रोल रूममध्ये व्हर्च्युअल मशीन कसं शिरलं

रिफायनरी, खत कारखाना किंवा वीज केंद्राच्या नव्या कंट्रोल रूममध्ये हल्ली ऑपरेटरच्या टेबलाखाली पीसी दिसेलच असं नाही. तिथे वहीएवढा थिन क्लायंट असतो, म्हणजे स्क्रीन-कीबोर्ड दूरच्या सर्व्हरला जोडण्यापुरता डबा. मागच्या खोलीत रॅकच्या रॅक अडवून बसलेले पीसी जाऊन तीन-चार दणकट सर्व्हर आलेले असतात आणि पूर्वीचे सगळे पीसी त्यांच्या पोटात व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) म्हणून, म्हणजे सॉफ्टवेअरने भासवलेले कम्प्युटर म्हणून चालतात. ऑफिसांच्या डेटा सेंटरमध्ये हे कधीच होऊन गेलं. तिथे हिशेब विजेचा, जागेचा आणि रिकाम्या बसलेल्या प्रोसेसरचा होता. कारखान्यात ते उशिरा आलं आणि आलं ते वेगळ्याच दुखण्यावर औषध म्हणून. ते दुखणं समजून घ्यायचं, तर पीसी मुळात कंट्रोल रूममध्ये आला कसा, तिथून सुरुवात करायला हवी.

१९७५ साली हनीवेलची टीडीसी २००० आणि योकोगावाची सेंटम बाजारात आली. डीसीएस, म्हणजे अख्खा प्लांट चालवणारी विखुरलेली कंट्रोल यंत्रणा म्हणतात, त्या प्रकाराची ही पहिली पिढी. कन्सोल, कीबोर्ड, केबल, आतला प्रोग्राम असं सगळं एकाच कंपनीचं. महाग होतं, एकदा घेतलं की त्याच कंपनीच्या दारात उभं राहणं आलं. पण यंत्रणा वीस-वीस वर्षं चालायची आणि तिची ऑपरेटिंग सिस्टिम कोणती हे शिफ्टमधल्या कुणालाही विचारायची वेळ येत नसे.

नव्वदच्या दशकात हे चित्र बदललं. पीसी स्वस्त झाला होता, विंडोज एनटी बऱ्यापैकी स्थिर होती आणि ग्राहकांना एकाच व्हेंडरच्या तावडीतून सुटायचं होतं. १९९६ साली फिशर-रोजमाउंटने डेल्टाव्ही ही डीसीएस आणली, ती एनटी चालवणाऱ्या साध्या पीसींवर. त्याच वर्षी ओपीसी या डेटा देवघेवीच्या सामाईक पद्धतीचं पहिलं स्पेसिफिकेशन आलं आणि एका कंपनीचा डेटा दुसऱ्या कंपनीच्या प्रोग्रामला वाचता यायला लागला. हे तंत्र मायक्रोसॉफ्टच्या कॉम-डीकॉमवर (विंडोजमधल्या प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलायची सोय) उभं होतं, त्यामुळे विंडोजची मुळं कारखान्यात आणखी खोल गेली.

मग पीसींची संख्या वाढत गेली, आणि तिला आळा घालणारं कुणी नव्हतं. हिस्टोरियनला (मोजमापांचा इतिहास साठवणारा प्रोग्राम) एक पीसी, अलार्मच्या नोंदींना एक, इंजिनिअरिंग स्टेशन दोन, ओपीसी सर्व्हर प्रत्येक पॅकेजला वेगळा, डोमेन कंट्रोलर (लॉगिन आणि पासवर्ड सांभाळणारे सर्व्हर) दोन, अँटीव्हायरसचा सर्व्हर, पॅचचा सर्व्हर. दोन प्रोग्राम एका पीसीवर टाकावेत म्हटलं की व्हेंडर हात वर करायचा. तेही अगदीच खोटं नव्हतं. एका प्रोग्रामने आपल्याला हव्या आवृत्तीची डीएलएल (अनेक प्रोग्राम सामाईक वापरतात ती फाइल) टाकली की दुसरा बसायचा, आणि रात्री दोन वाजता नेमकं कुणाचं चुकलं हे ठरवत बसायला कुणालाच नको असायचं. एक काम, एक पीसी हा नियम भांडणं टाळण्यासाठी आला आणि कायमचा झाला.

खरं दुखणं यापुढचं. डिस्टिलेशन कॉलम तीस वर्षं उभा असतो. युनिट पूर्ण बंद करून काम करायची संधी चार-पाच वर्षांतून एकदा, टर्नअराउंडला मिळते. कंट्रोलर (प्लांट प्रत्यक्ष चालवणारे डबे) आणि आयओ कार्डं (त्यांना सेन्सर आणि व्हॉल्व्ह जोडणारी) पंधरा-वीस वर्षं ओढतात. आणि या सगळ्यावर बसवलेली विंडोज? एनटी ४.० आली १९९६ला, तिचा आधार, म्हणजे कंपनीकडून मिळणाऱ्या दुरुस्त्या, संपला २००४ अखेर. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ला संपला, विंडोज ७चा १४ जानेवारी २०२०ला. पीसीचं लोखंड तर त्याहून आधी दगा देतं. डिस्क गेली, मदरबोर्ड गेला की नवा पीसी आणावा लागतो. त्या नव्या पीसीचे ड्रायव्हर जुन्या विंडोजसाठी निघतच नाहीत. नवी विंडोज टाकावी तर डीसीएसची जुनी आवृत्ती तिच्यावर चालत नाही. आणि डीसीएसची आवृत्ती बदलायची तर प्लांट बंद करायला हवा. एका जुन्या मदरबोर्डासाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड पालथा घालणारे मेंटेनन्सवाले आपल्याकडे होते ते या साखळीमुळे.

व्हर्च्युअल मशीनची कल्पना या सगळ्याच्या कितीतरी आधीची. आयबीएमच्या केंब्रिज सायंटिफिक सेंटरमध्ये सीपी-४० ही प्रणाली १९६७ साली चालू झाली, पुढे १९७२ला व्हीएम/३७० बाजारात आली. एकाच मेनफ्रेमवर प्रत्येकाला स्वतःचं मशीन असल्याचा भास, हेच तिचं काम. पीसीच्या इंटेल प्रोसेसरवर मात्र घोडं अडलं होतं. त्यात डझनभराहून जास्त सूचना अशा होत्या, की व्हीएममधल्या पाहुण्या सिस्टिमने त्या वापरल्या तर व्हीएम सांभाळणाऱ्या मूळ नियंत्रकाला कळायचंच नाही. व्हीएमवेअर या कंपनीने १९९९ला अशा सूचना चालता चालता बदलून घ्यायची युक्ती बाजारात आणली, २००१ला ईएसएक्स सर्व्हर हा थेट सर्व्हरवर चालून व्हीएम सांभाळणारा प्रोग्राम काढला, आणि २००५ अखेर इंटेलने प्रोसेसरमध्येच सोय करून दिली. तिथून आयटीवाले सुसाट सुटले.

कारखान्याला याचा उपयोग काय, तर विंडोजला दिसणारं हार्डवेअर बदलत नाही. खालचा सर्व्हर डेलचा असो की एचपीचा, आज घेतलेला की आठ वर्षांनी घेतलेला. व्हीएममधल्या विंडोजला तेच जुनं इंटेलचं नेटवर्क कार्ड आणि तोच जुना चिपसेट दिसत राहतो. खालचं लोखंड बदलताना वरच्या डीसीएसला पत्ताही लागत नाही. माझ्या मते या एका कारणापुढे जागा आणि वीज वाचवण्याचे आकडे गौण आहेत, जरी व्हेंडरच्या स्लाइडवर तेच मोठ्या अक्षरात असतात.

तरीही कंट्रोलवाले बरीच वर्षं काठावर बसून होते. पहिली अडचण कार्डांची. हनीवेलच्या जुन्या एलसीएन नेटवर्कला जोडायचं तर पीसीत खास कार्ड लागायचं, योकोगावाच्या व्हीनेट/आयपीलाही तेच. व्हीएमला असं कार्ड बसवणार कुठे? दुसरी अडचण डोंगलची, म्हणजे लायसन्सच्या यूएसबी चावीची. ते होस्टच्या (व्हीएम ज्यावर चालतं त्या सर्व्हरच्या) यूएसबीला लावलं की व्हीएम त्या होस्टला बांधलं गेलं, दुसरीकडे हलवायची सोय संपली. यावर नेटवर्कवरून यूएसबी पोचवणारे डबे वापरले गेले, अजूनही वापरतात. तिसरी अडचण घड्याळाची. जुनी विंडोज टायमरचे ठोके मोजून वेळ ठेवते. होस्टवर गर्दी असेल तर व्हीएमला आपला ठोका वेळेवर मिळत नाही, घड्याळ मागे पडतं, मग साठलेले ठोके भराभर येतात. ऑफिसच्या ईमेलला याने काही होत नाही. ट्रिप झाल्यावर, म्हणजे प्लांट आपोआप बंद पडल्यावर, आधी पंप गेला की आधी व्हॉल्व्ह बंद झाला, हे शोधताना मात्र होतं. सुदैवाने मिलिसेकंदाच्या नोंदी खाली कंट्रोलरमध्ये किंवा आयओ कार्डातच शिक्का मारून वर येतात, त्यामुळे हे भय बरंचसं पोकळ निघालं.

२०१०च्या आसपास मोठ्या व्हेंडरांनी एकामागून एक आपल्या डीसीएससाठी व्हर्च्युअल मशीनला अधिकृत पाठिंबा द्यायला सुरुवात केली. पाठिंबा म्हणजे अटींची यादी: मेमरी वाटताना उधारी नको (असेल तेवढीच वाटा), प्रोसेसरचा ठरलेला वाटा राखून ठेवा, कंट्रोल नेटवर्कला होस्टवर स्वतंत्र पोर्ट द्या. यातून एक आडफायदा झाला. पुण्यात हडपसरला हनीवेलसारख्या कंपन्यांची मोठी इंजिनिअरिंग केंद्रं आहेत, कुठल्या कुठल्या देशांतल्या प्लांटची कामं तिथे होतात. पूर्वी फॅक्टरी टेस्टसाठी सगळे पीसी हॉलमध्ये मांडून, जोडून, तपासून, पुन्हा खोक्यांत भरून पाठवावे लागत. व्हीएम असतील तर ते दुसऱ्या सर्व्हरवर चालवता येतात; प्लांटचा सर्व्हर बंदरात अडकला असला, तरी कॉन्फिगरेशनचं काम थांबत नाही.

कारखान्याबाहेरचं एक उदाहरण बघण्यासारखं आहे: सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेचा एलएचसीबी प्रयोग. फ्रान्समध्ये फर्ने-व्हॉल्तेअरजवळ जमिनीखाली शंभर मीटरवर त्याचा डिटेक्टर आहे. हाय व्होल्टेज, गॅस, कूलिंग, डेटा उचलणारे बोर्ड, सगळ्यांचं नियंत्रण पीव्हीएसएस नावाच्या स्काडा (देखरेख आणि नियंत्रणाच्या) पॅकेजवर. हे ऑस्ट्रियाच्या ईटीएमचं, जी २००७ला सीमेन्सने घेतली, आणि आता त्याला विनसीसी ओए म्हणतात. शंभराहून जास्त कंट्रोल पीसी, काही विंडोज, काही लिनक्स. फेब्रुवारी २०१३मध्ये एलएचसी हा सर्नचा कण-त्वरक दोन वर्षांच्या दुरुस्तीसाठी बंद झाला आणि त्या मुदतीत हे पीसी व्हीएममध्ये हलवण्यात आले. तिथेही पेच कार्डांचाच होता. पीसीत बसणारी कार्डं सोडून त्याऐवजी नेटवर्कवरून बोलणारी साधनं घ्यावी लागली. म्हणजे कम्प्युटर एकत्र आणायच्या कामातला मोठा भाग प्रत्यक्षात कम्प्युटरच्या बाहेर, वायरींच्या टोकाला झाला. रिफायनरीत झालं तेही हेच.

आता एकत्र आणल्यामुळे निघालेल्या नव्या भानगडी. पूर्वी एक पीसी गेला तर एक स्क्रीन काळा व्हायचा. आता सामाईक स्टोरेज गेलं तर सगळेच स्क्रीन जातात. मुख्य सर्व्हर आणि त्याचा जोडीदार दोन्ही एकाच होस्टवर येऊन बसले, की कागदावरची रिडंडन्सी (एक गेला तर दुसरा तयार, ही सोय) कागदावरच. त्यांना वेगळं ठेवायचा नियम मुद्दाम लिहावा लागतो. स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची त्या क्षणाची जतन केलेली अवस्था, हे तर दुधारी प्रकरण. पॅच टाकण्याआधी काढलेला स्नॅपशॉट कुणी पुसला नाही, तर त्याची फाइल महिनोन्महिने फुगत राहते, एक दिवस डिस्क भरते आणि त्या डिस्कवरची मशीनं थांबतात.

डोमेन कंट्रोलरचं तर वेगळंच. तो जुन्या स्नॅपशॉटवर परत नेला, की त्याचे बदलांचे क्रमांकही मागे जातात. जोडीदार कंट्रोलरला वाटतं, हे क्रमांक आपण पाहिलेत. आणि तो नवे बदल घेतच नाही. वरून सगळं ठीक दिसतं, पासवर्ड मात्र एकीकडे चालतो, दुसरीकडे नाही. मायक्रोसॉफ्टने विंडोज सर्व्हर २०१२मध्ये यावर तोड काढली. तोवर हायपर-व्ही या मायक्रोसॉफ्टच्या व्हीएम प्रणालीच्या क्लस्टरला, म्हणजे जोडलेल्या होस्टच्या गटाला, चालू व्हायलाच डोमेन लागायचं. आणि डोमेन कंट्रोलर त्याच क्लस्टरवर व्हीएम म्हणून असला, तर प्लांटची वीज पूर्ण जाऊन आल्यावर कोण कुणाला उठवणार? तेही २०१२मध्येच सुटलं. तरी एक डोमेन कंट्रोलर अस्सल लोखंडाचा ठेवायची सवय पुष्कळांनी सोडलेली नाही, आणि ते शहाणपणाचंच आहे.

या सगळ्यात कंट्रोलर मात्र व्हीएमच्या बाहेरच राहिला. व्हॉल्व्हला आज्ञा देणारा लूप खास डब्यात, आणि वरचे सर्व्हर सगळे गेले तरी तो चालू. ऑपरेटर आंधळा होतो, प्लांट नाही. गेल्या काही वर्षांत ही रेषाही सरकायला लागली आहे. एक्सॉनमोबिलच्या पुढाकाराने २०१६ला ओपन प्रोसेस ऑटोमेशन फोरम निघाला, सीमेन्सने २०२३ला व्हर्च्युअल पीएलसी (यंत्रं चालवणारा कंट्रोलर, सॉफ्टवेअरच्या रूपात) दाखवला, आणि ऑडीने जर्मनीतल्या बोलिंगर होफेच्या कारखान्यात लाइनवरचे औद्योगिक पीसी काढून ते काम मध्यवर्ती सर्व्हरांवर नेलं. दुसरीकडे दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात उभ्या राहणाऱ्या एसकेए रेडिओ दुर्बिणीचं नियंत्रण सॉफ्टवेअर व्हीएमच्या पुढे जाऊन कंटेनरमध्ये (स्वतःची अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम न बाळगणाऱ्या हलक्या कप्प्यांत) आहे. त्याच्या आखणीचं नेतृत्व पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्र संस्थेकडे होतं.

प्लांट आणि सॉफ्टवेअर यांच्या आयुष्याचं गणित मात्र सुटलं म्हणावं तर पुन्हा हजर आहे, एक पायरी खाली. फेब्रुवारी २०२३मध्ये ईएसएक्सआयआर्ग्स नावाच्या रॅन्समवेअरने जगभरचे ईएसएक्सआय (ईएसएक्सची पुढची पिढी) चालवणारे होस्ट गाठले, ते दोन वर्षांपूर्वी पॅच निघालेल्या एका भोकातून. एक होस्ट म्हणजे वरची सगळी मशीनं, हे हल्लेखोरांनाही कळलं होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतली आणि डिसेंबरात कायमस्वरूपी लायसन्स विकणं बंद करून वर्गणी सुरू केली. एप्रिल २०२०मध्ये आलेल्या व्हीस्फीअर ७ या व्हीएमवेअरच्या संचाचा (ईएसएक्सआय त्यातच येतं) आधार ऑक्टोबर २०२५मध्ये संपला, म्हणजे साडेपाच वर्षं. एका टर्नअराउंडपासून दुसऱ्यापर्यंत जेमतेम पुरेल इतकं. म्हणून सध्या बैठकांत चर्चा हायपर-व्हीची आहे, प्रॉक्समॉक्स या दुसऱ्या पर्यायाची आहे, आणि डीसीएसचा व्हेंडर त्यांतल्या कशावर सही करणार याची.