अंगठा उडतो, तिथून टीएमएस सुरू होतं

टीएमएस (ट्रान्सक्रॅनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन) म्हणजे नैराश्य, पक्षाघात अशा आजारांत कवटीबाहेरून चुंबकीय स्पंद देऊन मेंदूला चेतवण्याचा उपचार. त्याच्या पहिल्या दिवशी उपचार कमी आणि मोजणी जास्त असते. पेशंट खुर्चीत टेकून बसतो, तंत्रज्ञ डोक्याच्या एका बाजूला इंग्रजी आठच्या आकाराची कॉइल टेकवतो, ‘टक्’ असा मोठा आवाज होतो आणि विरुद्ध हाताचा अंगठा आपोआप उडतो. पुढचे सहा आठवडे सत्कारणी लागतील की वाया जातील, हे बरंचसं या अंगठ्यावर ठरतं.

यंत्रातला कपॅसिटर कॉइलच्या तांब्याच्या वेटोळ्यांत काही हजार अँपिअरचा प्रवाह सोडतो, तोही सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी वेळ. त्यातून दीड-दोन टेस्लाचं, म्हणजे एमआरआयच्या तोडीचं चुंबकीय क्षेत्र क्षणभर उभं राहतं. बदलतं चुंबकीय क्षेत्र वाहकात वीज निर्माण करतं, हे फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं. इथे वाहक आहे तो मेंदूचा पृष्ठभाग. कवटी विजेला अडवते, चुंबकीय क्षेत्राला नाही. याच जोरावर शेफील्डच्या अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये कवटीबाहेरून हात हलवून दाखवला.

‘म्हणजे शॉकच ना?’ असं घरचे हमखास विचारतात. नाही. शॉक उपचारात भूल देऊन मुद्दाम आकडी आणली जाते. टीएमएसमध्ये पेशंट पूर्ण जागा असतो आणि आकडी येऊ नये याचीच काळजी घेतली जाते.

आता मोजणी. हाताचा स्नायू सैल असताना दहापैकी किमान पाच स्पंदांना जेमतेम प्रतिसाद मिळेल, अशी सर्वांत कमी ताकद शोधायची. हा त्या माणसाचा मोटर थ्रेशोल्ड. नैराश्यात साधारणपणे त्याच्या १२० टक्के ताकद वापरतात. हा आकडा माणसागणिक वेगळा असतो, म्हणून शेजारच्या पेशंटचं सेटिंग आपल्याला चालत नाही. शिवाय तो बदलतो. फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिनसारखं आकडीवरचं औषध सुरू झालं की थ्रेशोल्ड वर जातो आणि जुन्याच आकड्यावर दिलेला डोस अपुरा पडतो. औषध बदललं की पुन्हा मोजायलाच हवं. कॉइल टाळूवरून थोडी जरी उचलली गेली तरी परिणाम झपाट्याने घटतो, कारण नेहमीच्या कॉइलची पोहोचच दोन-तीन सेंटिमीटर. अंबाडा सोडून, पिना आणि कानातलं काढून बसायचं ते यासाठीही.

नैराश्यासाठीची पद्धत २००८ पासून अमेरिकेत मान्य आहे: कपाळामागच्या डाव्या भागावर ४ सेकंद सेकंदाला १० स्पंद, मग २६ सेकंद विश्रांती, अशा ७५ फेऱ्या. म्हणजे ३००० स्पंद, साडेसदतीस मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. थीटा बर्स्ट या नव्या पद्धतीत ६०० स्पंद तीन मिनिटांत होतात आणि २०१८ च्या मोठ्या चाचणीत ती जुनीच्या तोडीची ठरली.

पक्षाघातात मात्र सावध राहा. हाताच्या हालचालीसाठी मेंदूच्या निरोगी बाजूला सेकंदाला एक असे मंद स्पंद देऊन तिचा जोर कमी करतात, म्हणजे इजा झालेल्या बाजूवरचा तिचा दाब कमी व्हावा. झटक्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत-महिन्यांत याचा पुरावा चांगला आहे. पण उशिरा, ३ ते १२ महिन्यांनी सुरू केलेल्या उपचाराची अमेरिकेत सुमारे २०० पेशंटांवर चाचणी झाली, तेव्हा खरं आणि लुटुपुटीचं उद्दीपन यांत फरक दिसला नाही. दोन्ही गट सुधारले, कारण दोघांनाही व्यायाम मिळत होता. त्यामुळे ‘चार वर्षांपूर्वीचा पक्षाघात बरा करू’ असं कुणी सांगत असेल तर पैसे भरण्याआधी दुसऱ्या न्यूरॉलॉजिस्टला विचारा. पार्किन्सन्समध्ये फायदा होऊ शकतो, पण गोळ्या थांबवून नव्हे.

एका बैठकीचा परिणाम मेंदूत साधारण अर्धा-एक तास टिकतो. पक्षाघातात हाताचा व्यायाम त्याच वेळात झाला पाहिजे. वाशीला कॉइल आणि ठाण्याला फिजिओथेरपी असं ठरवलं तर तो वेळ ट्रान्स-हार्बरच्या गाडीतच संपतो. दोन्ही एका छताखाली मिळेल तेच केंद्र निवडा, भले ते घरापासून थोडं लांब असो. रोजचं जाणं-येणं झेपेल का, हेही आधीच ठरवा. घोडबंदरच्या रहदारीत बैठक चुकली तर ती शेवटी जोडून घेता येते.

कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतली लोखंडी क्लिप किंवा डोक्यात बसवलेलं इलेक्ट्रोड असेल तर हा उपचार नको. पेसमेकर असेल तर आधी हृदयरोगतज्ज्ञांचं मत घ्या. कानात प्लग प्रत्येक वेळी हवेतच, आवाज कानाला इजा करण्याइतका मोठा असतो. टाळू दुखणं, डोकं धरणं हे नेहमीचं, बहुतेकांना पहिल्या आठवड्यानंतर कमी होतं. आकडी अत्यंत क्वचित येते, पण जागरण, दारू आणि काही औषधं तिची शक्यता वाढवतात. आदल्या रात्री झोप झाली नसेल तर कॉइल टेकवण्याआधीच तंत्रज्ञाला सांगा. त्या दिवशीची बैठक पुढे ढकलता येते.